हात कुठे थांबतो?

चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले चित्र आपल्याला स्वतःचा शेवट तेवढा दाखवते. ते कसे जन्माला आले, रंग कुठे चुकला, कोणता भाग पुसून पुन्हा लावावा लागला, चित्रकार कुठे घुटमळला आणि कुठे धीराने पुढे गेला, हे सारे वार्निशच्या झळाळीखाली निमूटपणे दडलेले असते. सामान्य प्रेक्षकाला त्याची फारशी गरज भासत नाही. जो स्वतः चित्रकला शिकू पाहत आहे, त्याला मात्र नेमके तेच पाहायचे असते. तयार चित्र त्याला आनंद देईल, कदाचित दिपवूनही टाकील. शिकवील मात्र थोडेच.

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. समारंभातील भाषणांतून हा शब्द इतक्या सढळपणे वापरला जातो, की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. माझ्या मते या बिरुदाची खरी परीक्षा शिकणाऱ्या मुलांच्या हातांवर व्हावयास हवी. या शहरात होणारे कलाप्रसंग त्यांना काय देतात आणि काय देत नाहीत? प्रस्तुत लेखात टाऊन हॉलच्या बागेत भरणारी ‘मैफल रंगसुरांची’, कलामहाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने आणि शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवातील ललितकला स्पर्धा या तीन प्रसंगांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. मी चित्रकलेचा पंडित नव्हे. परंतु धर्मग्रामात काम करताना दरवर्षी जून महिन्यात काही आईबाप एक प्रश्न घेऊन माझ्या दारी येतात : “फादर, पोरगं चित्रं बरी काढतं, पण त्याच्यावर पोट भरेल का?” या प्रश्नाला मी एकदा जे उत्तर दिले, त्यातूनच हा लेख उद्भवला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करीत. त्यांचा थोरला मुलगा दहावी उत्तीर्ण झाला. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत त्याला ‘अ’ श्रेणी मिळाली होती आणि शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांनी त्याला कलामहाविद्यालयात घालण्याचा आग्रह धरला होता. वडील माझ्याकडे सल्ला विचारावयास आले. मी त्या मुलाची चित्रवही उघडूनसुद्धा न पाहता म्हणालो, “आधी आयटीआय करू द्या. पोटापाण्याची सोय झाली म्हणजे चित्रे काय, रविवारीही काढता येतील.” धर्मगुरूचा सल्ला त्या भाबड्या माणसाने आज्ञेसारखा मानला. मुलगा टर्नर झाला, कामाला लागला, आणि मी ती गोष्ट विसरून गेलो.

पुढे सात-आठ वर्षांनी मी टाऊन हॉलच्या बागेत मैफल पाहावयास गेलो असताना एका व्यक्तिचित्रकाराच्या मागे हा मुलगा उभा असलेला दिसला. बाकीची गर्दी दहा-पंधरा मिनिटे थांबून पुढे सरकत होती. हा मात्र जागचा हलत नव्हता. मी जवळ जाऊन विचारले, “अरे, तू इकडे कसा?”

“दर साली येतो, फादर. रात्रपाळी करून तसाच आलोय.”

“काय बघतोस एवढं?”

“हात कुठं थांबतोय ते बघतो. चालणारा हात सगळ्यांनाच दिसतोय. थांबलेला बघावा लागतोय.”

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते बोलणे मला अधिक लागले. ज्याची चित्रवही मी उघडली नव्हती, त्याने मला चित्र पाहण्याची किल्ली दिली होती. तेव्हापासून कोणत्याही कलाप्रसंगी गेलो, की मी हाच प्रश्न मनाशी घोळवीत असतो : येथे शिकणाऱ्याला थांबलेला हात दिसतो काय?

तसे पाहता ही विद्या कोल्हापुरात नवी नव्हे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार म्हणून राहिले. १९३१ साली त्यांचा मृत्यू झाला. दरबारी चित्रकार असूनही आज त्यांचे स्मरण होते ते प्रामुख्याने कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेच्या परिसरातील निसर्गचित्रांमुळे. तेच पाणी, तोच काठ, तीच झाडे. वेळ मात्र निराळी, आणि म्हणून प्रकाशही निराळा. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन बसणाऱ्या माणसाला घाई ठाऊक नसते. आबालाल यांची थोरवी त्यांच्या रंगांत आहेच, पण त्या रंगांच्या मुळाशी जे दीर्घकाळ पाहणे आहे, ते कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचे पहिले धन होय.

दुसरे धन म्हणजे कारखाना. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. सुतारकाम, मूर्तिकाम, नाटकांचे पडदे, व्यक्तिचित्रे असे पडेल ते काम करीत त्यांनी विद्या संपादन केली आणि ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. चलच्चित्रे घेण्याचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी बनविण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. अपुरे राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले या शिष्याच्या साहाय्याने तडीस नेले, आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्याच कंपनीत वावरलेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी इतर सहकाऱ्यांसह १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. दामले आणि फत्तेलाल यांच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’चा पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. या मंडळींपाशी पदव्या नव्हत्या. गुरूच्या शेजारी उभे राहून त्याचा हात दिवसभर पाहण्याची मुभा मात्र त्यांना होती. आजच्या शिक्षणशास्त्रात ज्याला ‘प्रत्यक्ष अनुभव’ म्हणतात, ते त्या काळी पडदे रंगविता रंगविता आपसूक घडत होते.

अर्थात त्या कारखान्याचे अवास्तव उदात्तीकरण करण्यात अर्थ नाही. त्याचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. ओळख असावी लागे, घरच्यांनी सोडावे लागे. मुलींना तर तेथे प्रवेश जवळजवळ नव्हताच. नेमक्या याच ठिकाणी टाऊन हॉलच्या बागेतील मैफलीचे महत्त्व माझ्या ध्यानात येते. ‘रंगबहार’ ही संस्था कोल्हापूरच्या दिवंगत कलावंतांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही मैफल भरवीत आली आहे. झाडाझाडांखाली चित्रकार आपापले घोडे मांडून बसतात. कोणी समोर बसलेल्या व्यक्तीचे चित्र रंगवीत असतो, कोणी जलरंगात बागेचाच एखादा कोपरा उतरवीत असतो, कोणी मातीतून मुखवटा घडवितो, कोणी रांगोळी रेखाटतो. आणि या साऱ्यांवरून गायन-वादनाचे सूर वाहत असतात. तिकीट नाही, ओळखपत्र नाही. फुगा हातात घेतलेले पोर आणि कलामहाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी एकाच खांद्यावरून डोकावू शकतात. बाबूरावांच्या कारखान्याची भिंत येथे काढून टाकली आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

स्थळही अर्थपूर्ण आहे. १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या टाऊन हॉलमध्ये आज संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या सागरदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती येथेच पाहावयास मिळते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दूरच्या रोमन जगातून ती पंचगंगेच्या काठी आली. इमारतीच्या आत काम पूर्ण करून केव्हाच निघून गेलेल्या कारागिरांच्या वस्तू, आणि बाहेर झाडाखाली काम अर्ध्यावर असलेले कारागीर. शिकणाऱ्या मुलाने दोन्हीकडे चक्कर मारावी. दोन तासांत त्याला कलेच्या इतिहासाचा जो धडा मिळेल, तो वर्गात क्वचितच मिळतो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. मैफलीत हात कुठे थांबलेला दिसतो? प्रत्येक माध्यमात तो निराळ्या जागी थांबतो, आणि यातच शिकणाऱ्याचा लाभ आहे. जलरंगात चित्रकार थांबतो तो कागद वाळण्यासाठी. आकाशाचा पहिला हात लावून झाला, की कागदावरील ओल कमी होईपर्यंत तो नुसता बसून राहतो. नवशिका नेमका येथेच उतावळा होतो, ओल्या रंगात दुसरा रंग घालतो आणि सारे चित्र गढूळ करून बसतो. तैलरंगात थांबण्याचे कारण वेगळे. तेथे चित्रकार डोळे बारीक करून दोन पावले मागे सरतो. नाक-डोळे रंगविण्याआधी चेहऱ्यावरील छायेचा मोठा भाग कोठे संपतो, हे त्याला ठरवायचे असते. मातीकाम करणारा तर सतत चालत असतो. समोरून बरोबर दिसणारी हनुवटी बाजूने चुकलेली आहे, हे त्याला फेरी मारल्यावरच कळते, आणि कळताच तो मघाशी लावलेली माती निर्दयपणे खरवडून काढतो. आपल्या शिक्षकाहूनही मोठा कलावंत सर्वांदेखत स्वतःचे काम मोडतो, हे पाहिल्यानंतर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मनातील चुकण्याची भीती जेवढी ओसरते, तेवढी शंभर उपदेशांनी ओसरणार नाही.

या मैफलीत सुरांचे स्थान काय, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांच्या दरबारचे गायक होते. तेव्हा कोल्हापुरात रंग आणि सूर यांचा शेजार दीर्घकाळचा आहे. विलंबित लयीत गवई स्वर लावून थांबतो, ते थांबणे हाही गाण्याचाच भाग असतो. चित्र शिकणाऱ्याने हे कान देऊन ऐकले, तर कागद वाळण्याची वाट पाहणे म्हणजे वेळ वाया घालविणे नव्हे, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र पुष्कळदा असे दिसते, की गाणे निव्वळ पार्श्वसंगीत होऊन बसते. गायकाकडे चित्रकार पाहत नाहीत, चित्राकडे रसिक श्रोते फिरकत नाहीत, आणि दोन कलांचा संवाद घडण्याऐवजी त्या एकाच बागेत दोन संसार थाटतात.

याहून मोठा दोष वेगाच्या मोहाचा आहे. प्रात्यक्षिक म्हटले, की ते दोन-तीन तासांत पूर्ण व्हावे, चेहरा हुबेहूब साधावा आणि जमलेल्या लोकांनी वाहवा म्हणावी, अशी अपेक्षा निर्माण होते. कसबी हात ती अपेक्षा सहज पुरी करतो. परंतु त्या भरात तो थांबेनासा होतो. अशा वेळी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ती युक्ती. तिच्यामागचा विचार पोहोचत नाही. गालावर शेवटचा चकाकता ठिपका ठेवताच टाळी पडते हे त्याने पाहिलेले असते, आणि पुढील वर्षभर तो ठिपके ठेवीत राहतो. ज्या शहराच्या परंपरेच्या उगमाशी आबालाल यांचे संथ पाहणे आहे, त्या शहराने शीघ्रतेला कौशल्याचे दुसरे नाव समजू नये. अलीकडे हातातील मोबाइलनेही यात भर घातली आहे. जो तो चित्रफीत घेण्यात गुंतलेला असतो आणि फितीत थांबलेला हात कंटाळवाणा दिसतो, म्हणून नेमका तोच भाग कापला जातो.

तिसरी उणीव संवादाची. चित्र पूर्ण झाल्यावर चित्रकाराने पाच मिनिटे उभे राहून “येथे मी चुकलो होतो, मग असे केले” एवढे जरी सांगितले, तरी पाहणाऱ्या मुलांना वर्षभराची शिदोरी मिळेल. माधवराव बागल यांच्यासारखा चित्रकार या शहरात होऊन गेला, ज्याने ब्रश बाजूला ठेवून लेखणी हाती घेतली आणि आपल्या गावच्या कलावंतांविषयी मोकळेपणाने लिहिले. चित्र काढणे आणि चित्राविषयी बोलणे या दोहोंची ती सांगड आज सैल झाली आहे.

राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन महाविद्यालय यांसारख्या संस्थांच्या विद्यार्थ्यांची कामे मांडली जातात, तेव्हा या परंपरेचे फळ आणि तिचे ओझे दोन्ही एकदम नजरेस पडतात. निसर्गचित्रे हा या विद्यार्थ्यांचा सर्वांत समर्थ प्रांत आहे. पंचगंगेचा घाट, रंकाळ्याकाठचा संध्यामठ, जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीवर पडलेले ऊन, फेटा बांधलेल्या वृद्धाचा सुरकुतलेला चेहरा, हे विषय त्यांच्या हाताला असे सरावलेले आहेत, की सामान्य कुवतीचा विद्यार्थीसुद्धा त्यांत फारसा घसरत नाही. पण माझी शंका येथूनच सुरू होते. रंकाळ्यात जलपर्णी माजलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. चित्रांतील रंकाळा मात्र नेहमी निर्मळ असतो. २०१९ आणि २०२१ साली महापुराने या शहराची दैना उडविली. घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याने ओढलेली रेघ कोणत्या चित्रकाराला खुणावणार नाही? तरीही मी पाहिलेल्या प्रदर्शनांत तशी चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ज्यांचे वडील फाउंड्रीत, साखर कारखान्यात किंवा गुऱ्हाळावर राबतात, त्यांच्या चित्रांत भट्टीचा उजेड आणि काकवीची वाफ का दिसत नाही? हात कसलेला आहे. डोळ्याला मात्र स्वतःच्या घराकडे पाहण्याची सवय लागलेली नाही. रचनाचित्रे दुबळी पडतात त्याचे कारण मला हेच वाटते.

तरीसुद्धा प्रदर्शनाचे एक देणे नाकारता येणार नाही. आपले काम नावानिशी भिंतीवर लागते, शेजारी वर्गमित्राचे काम असते आणि अनोळखी माणूस त्यासमोरून न थांबता निघून जातो. हा उपेक्षेचा क्षण कलावंताच्या घडणीत आवश्यक आहे. घरी आईने केलेले कौतुक आणि शाळेत मिळालेले बक्षीस यांपलीकडचे जग त्याला तेथे प्रथम भेटते. काही मुले त्या अनुभवाने खचतात. काही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घाटावर जाऊन बसतात.

युवा महोत्सवाची जातकुळी याहून वेगळी. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. स्थळचित्रण, कोलाज, भित्तिपत्रक, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी, मांडणशिल्प अशा स्पर्धांत कला शाखेबरोबरच वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकीची मुलेमुली उतरतात. एखाद्या डोंगराळ तालुक्यातील महाविद्यालयात चित्रकलेचा वर्गच नसतो. तेथील मुलीला महोत्सवाच्या निमित्ताने प्रथमच मोठा कागद आणि चांगले रंग हाती मिळतात. एवढ्या एका कारणासाठीही हा महोत्सव टिकला पाहिजे. परंतु विषय जागेवर मिळणार आणि सुमारे अडीच तासांत काम पुरे करावयाचे, या बंधनात विद्यार्थी हळूहळू तयार उत्तरे पाठ करू लागतात. पर्यावरण म्हटले की वाळलेले झाड, शिक्षण म्हटले की उघडे पुस्तक, शांतता म्हटले की कबूतर. परीक्षक गुण देऊन निघून जातात आणि आपण मागे का पडलो हे मुलाला अखेरपर्यंत कळत नाही. बक्षीस मिळालेल्यालाही ते का मिळाले हे कळत नाही. त्याचे नुकसान कदाचित अधिक मोठे.

शालेय चित्रकला परीक्षांत ‘संकल्पचित्र’ नावाचा एक विषय असतो. मुले त्यात फुले, पाने आणि भौमितिक आकार यांची नक्षी भरतात आणि संकल्प या शब्दाचा अर्थ नक्षी असाच त्यांच्या मनात रुजतो. वास्तविक संकल्पनाचा उत्तम पाठ कोल्हापूरच्या चप्पल ओळीत रोज मांडलेला असतो. कातडे कसे कापावे, पट्टा कोठे यावा, कान कशासाठी, वेणी किती घट्ट विणावी, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पायाने, हवेने आणि पिढ्यांच्या अनुभवाने दिलेले आहे. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला दाखविल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेखही केला नाही, तेव्हा सर्वत्र संताप व्यक्त झाला. तो रास्तच होता. पण मला प्रश्न पडतो, की आमच्या उपयोजित कलेच्या किती विद्यार्थ्यांनी त्या कारागिराच्या शेजारी एक दिवस बसून त्याची आरी कोठे थांबते हे पाहिले आहे? मैफलीत चित्रकार आणि शिल्पकार यांच्याशेजारी एखाद्या झाडाखाली चप्पल करणारा, साज घडविणारा आणि शाडूची मूर्ती घडविणारा कुंभार यांनाही मानाचे आसन मिळाले, तर कला आणि कारागिरी यांच्यात आपण उगाच उभी केलेली भिंत बरीचशी खाली येईल.

शेवटी आपल्या स्वतःच्या अंगणाविषयी. आपल्या समाजाने कलावंताला कसे वागविले याचे एक उदाहरण विसरण्याजोगे नाही. आंजेलो द फोन्सेका हा गोव्याचा कॅथलिक चित्रकार शांतिनिकेतनात शिकून आला आणि पवित्र मारियेला साडी नेसवून त्याने तिला आपल्या मातीतली आई केली. गोव्यात त्याच्या वाट्याला रोष आला. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्याला काम करण्यास निवारा मिळाला आणि १९६७ साली त्याचे निधन झाले. त्याच्या चित्रांच्या छापील प्रती गुरुविद्यालयात शिकताना आम्ही भक्तिभावाने पाहिल्या. पण तो हयात असताना त्याच्या शेजारी उभे राहून त्याचा हात पाहणारी मुले किती होती, हा प्रश्न तेव्हा आम्हाला सुचला नाही. आजही नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेत आपण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत झगमगीत देखाव्याला पहिला क्रमांक देतो. बाजारातून आणलेल्या मूर्ती आणि दिव्यांच्या माळा यांच्या गर्दीत एखाद्या मुलीने स्वतः मळलेल्या मातीचा, किंचित वाकडा मेंढपाळ कोपऱ्यात उभा असतो. परीक्षक म्हणून मीही त्याच्यासमोरून अनेकदा तसाच पुढे गेलो आहे. आता मी त्या मुलीला “हा कसा केलास?” एवढे विचारतो. पुष्कळदा त्या एका प्रश्नाने तिचा चेहरा असा उजळतो, की बक्षिसाचे विस्मरण व्हावे.

त्या फाउंड्रीतल्या गृहस्थांची धाकटी मुलगी गेल्या काही वर्षांत मोठी झाली. तिचेही चित्रांचे वेड भावासारखेच. ती दहावीला असताना ते पुन्हा माझ्याकडे आले आणि त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला. या खेपेस मी सल्ला दिला नाही. त्यांना म्हणालो, “रविवारी माझ्याबरोबर टाऊन हॉलच्या बागेत चला.” आम्ही गेलो. चित्रांसमोर ते संकोचून उभे राहिले. परंतु मातीकाम करणाऱ्या शिल्पकारासमोर आले आणि तेथेच खिळले. अर्धा-पाऊण तास झाला असेल. मग माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, “ह्यो बी आमच्यागतच माती दाबतोय की, फादर. पण आमाला साचा मोडल्यावर कळतं, ह्येला करता करता कळतंय.”

तीस वर्षे वाळूत साचे दाबणाऱ्या त्या माणसाने एका वाक्यात जी समीक्षा केली, तिच्यापुढे माझा हा लांबलेला लेख थिटा आहे. पुढे जूनमध्ये त्यांनी मुलीला कलामहाविद्यालयाच्या पायाभूत अभ्यासक्रमाला घातले. ती मोठी चित्रकार होईल की नाही, तिचे पोट त्यावर भरेल की नाही, मला ठाऊक नाही. आणि आता मी तसे भाकीत करण्याच्या भरीस पडत नाही. मैफलीच्या दिवशी रात्रपाळी आटोपून आलेला भाऊ आणि त्याच्या शेजारी वही घेऊन उभी असलेली बहीण, दोघेही एकाच हाताकडे पाहत असतात, एवढे मात्र मी पाहिले आहे. आपल्या घरातील एखाद्या मुलाला चित्रांची ओढ असेल, तर पुढच्या मैफलीला त्याला घेऊन जावे, त्याच्याबरोबर एकाच झाडाखाली तासभर उभे राहावे आणि मग त्याची वही उघडावी. निर्णय काय घ्यायचा तो नंतर घ्यावा.